आयस्की ते यूटीएफ-८ : एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे रूपांतर

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका सार्वजनिक वाचनालयाने विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीच्या काळातच आपली ग्रंथसूची संगणकावर घ्यायला सुरुवात केली होती. पुढे संगणक बदलले, टंकलेखन करणारी माणसे बदलली, प्रणाल्या बदलल्या आणि सूचीचा प्रत्येक तुकडा त्या त्या वेळी हाताशी असलेल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, लिहिला गेला. हे सारे तुकडे एकत्र आणून, कोणत्याही संगणकावर उघडता येतील आणि शोधता येतील अशा, युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या यूटीएफ-८ स्वरूपात देण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी लिनक्सच्या कमांड लाइनवर केले. एडिटरमध्ये फाइल उघडली की तो आपल्या अंदाजाने एन्कोडिंग ठरवतो आणि जतन करताना तो अंदाज फायलीत कायमचा उतरवतो. कमांड लाइनवर मात्र कशातून कशात रूपांतर करायचे हे आपल्यालाच सांगावे लागते, आणि दिलेल्या आज्ञा नंतर जशाच्या तशा पुन्हा चालवता येतात. जुन्या मराठी मजकुराचे काम ज्यांच्यापुढे आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिच्यावरचा लेखनाधिकार काढून टाकला आणि प्रत्येक फायलीची ‘एसएचए२५६सम’ने काढलेली बेरीज, म्हणजे फाइल बदलली का हे ओळखण्याची खूण, नोंदवून ठेवली. यापुढचे सर्व काम दुसऱ्या प्रतीवर केले. रूपांतराचा निकाल त्याच नावाच्या फायलीवर कधीही वळवू नये, कारण शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आधी ती फाइल रिकामी करतो आणि मगच आज्ञा चालवतो. वाचायला काही उरतच नाही.

साध्या मजकुराच्या फायलीत आपले एन्कोडिंग कोणते, याची नोंद नसते, ही या कामातील मूळ अडचण आहे. ‘फाइल’ ही आज्ञा जे उत्तर देते, ते बाइटांच्या, म्हणजे फायलीतील ० ते २५५ या आकड्यांच्या, ठेवणीवरून बांधलेले अनुमान असते. डॉसच्या फायलींच्या शेवटी असणारा २६ हा समाप्तीचा बाइट काढून टाकल्यावर या आज्ञेने त्या जुन्या फायलींना ‘आयएसओ-८८५९’ म्हटले. याचा अर्थ एवढाच की त्यांत १२८ ते १५९ या टप्प्यातील एकही बाइट नव्हता आणि १६० च्या पुढचे बाइट भरपूर होते. युरोपीय आणि इतर काही भाषांसाठी केलेल्या त्या मानकाशी फायलींचा काही संबंध नव्हता. म्हणून मी प्रत्येक प्रकारच्या फायलीतील, आशय आधीच ठाऊक असलेली एक ओळ ‘ओडी’ या आज्ञेने दशमान आकड्यांत पाहिली. प्रत्येक नोंदीत भाषेचा रकाना होता आणि त्यात बहुतेक ठिकाणी ‘मराठी’ हा शब्द असणारच होता, त्यामुळे तोच शब्द ओळखीसाठी घेतला. जुन्या फायलींत तो असा दिसला: २०४ २०७ २१८ १९० २२०. पाच चिन्हे, पाच बाइट. ही आयस्की.

आयस्की हे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३१९४ हे १९९१ चे मानक. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे ते आपल्याकडील कचेऱ्यांमध्ये आणि संस्थांमध्ये पोहोचले. यात पहिल्या १२८ जागा आस्कीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरे व अंकांच्या मूळ संकेताच्या, असतात आणि वरच्या जागांवर भारतीय लिप्यांची अक्षरे असतात. अक्षरे उच्चारक्रमाने साठवली जातात, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. युनिकोडमधील देवनागरीचा तक्ता आयस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेला असल्यामुळे दोहोंचे नाते फार जवळचे आहे आणि रूपांतर नेमके होऊ शकते. डॉसमध्ये रेषा काढण्याच्या चिन्हांना जागा राहावी म्हणून याच अक्षरांचे वेगळे वाटपही वापरले जात असे. आमच्या फायली त्या वाटपातल्या नव्हत्या, हे वरच्या पाच आकड्यांवरूनच स्पष्ट झाले.

रूपांतरासाठी सगळ्यांच्या परिचयाची आज्ञा म्हणजे ‘आयकॉन्व्ह’. मात्र तिला आयस्की येत नाही. आयसीयू या युनिकोड ग्रंथालयासोबत येणारी ‘युकॉन्व्ह’ ही आज्ञा येथे उपयोगी पडते. डेबियनमध्ये ती ‘आयसीयू-डेव्हटूल्स’ या पॅकेजात मिळते. डॅश एफ या पर्यायानंतर ‘आयस्की-डेव्ह’ आणि डॅश टी नंतर ‘यूटीएफ-८’ असे लिहिले की झाले. ‘डेव्ह’ म्हणजे देवनागरी, आणि ते सांगणे आवश्यक असते, कारण आयस्कीत सर्व लिप्यांना तेच आकडे आहेत: २०४ हा देवनागरीत म, कन्नडमध्ये त्या लिपीतला म आणि बंगालीत तिथला म.

ही गोष्ट आमच्या बाबतीत केवळ सैद्धांतिक नव्हती. जत तालुक्याच्या बाजूला कन्नड वाचकही आहेत आणि वाचनालयात कन्नड पुस्तकांचा एक विभाग आहे. त्या नोंदींत लिपी बदलण्याची खूण वापरलेली होती. आयस्कीत २३९ या बाइटनंतर लिपीचा क्रमांक येतो: ६६ म्हणजे देवनागरी, ७२ म्हणजे कन्नड. ही खूण ओळीपुरती चालते आणि ओळ संपली की मूळ लिपी पुन्हा लागू होते. युकॉन्व्ह हा नियम पाळते, त्यामुळे एकाच ओळीत मराठी शेरा आणि कन्नड शीर्षक असे दोन्ही आपापल्या लिपीत उतरले. एखाद्याने घाईने नुसता आकड्याला अक्षर जोडणारा तक्ता लिहून रूपांतर केले असते, तर कन्नड पुस्तकांची नावे देवनागरीत आली असती आणि प्रत्येक नावामागे एक अनाहूत रोमन अक्षर चिकटले असते.

मराठीच्या दृष्टीने आयस्कीची खरी कसोटी ‘ऱ्य’मध्ये आहे. ‘दुसऱ्या आवृत्ती’तील ‘दुसऱ्या’ हा शब्द जुन्या फायलीत १९६ २२१ २१५ २०८ २३२ २०५ २१८ असा होता. यातील २०८ म्हणजे ऱ, आणि त्यापुढचा २३२ म्हणजे हलन्त. साधा र २०७ वर आहे. म्हणजे टंकलेखकाने ज्या वेळी हा शब्द लिहिला, त्या वेळीच ‘कार्य’मधला रफार आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हा भेद फायलीत स्वतंत्र आकड्यांनी नोंदला गेला होता. युकॉन्व्हने तो युनिकोडच्या ऱ आणि हलन्त या जोडीत जसाच्या तसा नेला. इतक्या जुन्या फायलीतून हा फरक सुखरूप बाहेर आलेला पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण पुढच्या काळातील फायलींत नेमका तोच ठिकठिकाणी हरवला होता.

रूपांतर बरोबर झाले का, याची पडताळणी करताना एक सोपी युक्ती फार उपयोगी पडली. ‘टीआर’ या आज्ञेने मूळ आणि रूपांतरित अशा दोन्ही फायलींतून आस्कीव्यतिरिक्तचे सर्व बाइट काढून टाकले आणि उरलेला भाग ‘सीएमपी’ व ‘डिफ’ने ताडून पाहिला. दाखल क्रमांक, किंमत, स्वल्पविराम, ओळींची संख्या हे सारे दोन्हीकडे तेच असले पाहिजे. फरक दिसला तो फक्त लिपी बदलण्याच्या खुणांमागच्या अक्षरांचा, म्हणजे ६६ आणि ७२ चा, आणि तो अपेक्षितच होता.

दुसरा गट विंडोजच्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ हा पर्याय निवडून जतन केलेल्या फायलींचा होता. त्या काळी नोटपॅडमध्ये या नावाचा अर्थ यूटीएफ-१६ असा असे. सुरुवातीला २५५ २५४ हे दोन बाइट, म्हणजे बाइटक्रमाची खूण, आणि मग ‘मराठी’ असा: ४६ ९ ४८ ९ ६२ ९ ३२ ९ ६४ ९. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा दुसरा बाइट ९ असतो आणि ९ म्हणजे टॅब. त्यामुळे बाइट मोजणाऱ्या जुन्या साधनांना अशी फाइल टॅबने भरलेली दिसते. याहून घातक बाब अशी की ‘ऊ’चा पहिला बाइट १० आहे, म्हणजे नव्या ओळीची खूण, आणि ‘ऍ’चा १३, म्हणजे विंडोजच्या ओळअखेरीतील पहिली खूण. यूटीएफ-१६ फायलीवर आधी ओळींची सफाई चालवली, किंवा ती ‘सॉर्ट’ला दिली, तर ‘ऊस’ या शब्दाशी ओळ तुटते आणि तिथून पुढचे सगळे बाइट एकेका जागेने सरकतात. म्हणून आधी एन्कोडिंग बदलावे आणि ओळअखेरीचे काम नंतरच करावे, हा क्रम मी कटाक्षाने पाळला.

येथे आयकॉन्व्ह पुरेशी होती, मात्र मूळ एन्कोडिंगचे नाव ‘यूटीएफ-१६’ असेच द्यावे लागते. ‘यूटीएफ-१६एलई’ असे दिले, तर सुरुवातीची खूण मजकुराचाच भाग समजली जाते आणि यूटीएफ-८ मध्ये २३९ १८७ १९१ असे तीन बाइट होऊन पुढे येते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण पहिल्या रकान्याचे नाव शोधायला जावे, तर ते सापडत नाही. स्प्रेडशीटसाठी ही खूण कधी कधी लागते, हे खरे. मी ती मुख्य फायलीत ठेवली नाही, फक्त स्प्रेडशीटसाठी काढलेल्या प्रतीत घातली.

सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या गटाने घेतला. या फायली यूटीएफ-८ मध्ये होत्या, ‘फाइल’नेही तसेच सांगितले होते आणि यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये आयकॉन्व्ह चालवून केलेल्या तपासणीत एकही चूक निघाली नव्हती. तरीही पडद्यावर मराठीच्या जागी, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी कधी चलनाचे गोल चिन्ह तर कधी जपानी येनचे चिन्ह, अशी माळ दिसत होती. हे चिन्ह ज्याला ओळखता येते, त्याला दुखणे लगेच कळते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि त्याची सुरुवात २२४ १६४ किंवा २२४ १६५ अशी होते. विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य संकेतात २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. अर्थात कोणत्या तरी टप्प्यावर यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ समजून उघडली गेली आणि जे दिसले ते पुन्हा यूटीएफ-८ मध्ये जतन झाले. तीन बाइटांचा म त्यामुळे १९५ १६० १९४ १६४ १९४ १७४ असा सहा बाइटांचा झाला होता. फाइल नियमानुसार निर्दोष होती. मजकूर मात्र मराठी उरला नव्हता.

याचा उपाय म्हणजे उलट रूपांतर: यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये, आणि निघालेले बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. आयकॉन्व्हने हे करायला घेतले की ती पहिल्याच जोडाक्षराशी थांबते. कारण विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ आहे, पहिल्या उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. मराठीतील क्वचितच एखादे वाक्य या चिन्हांशिवाय पुरे होते. अशा वेळी आयकॉन्व्हचा डॅश सी हा पर्याय वापरण्याचा मोह होतो. जे जमत नाही ते गुपचूप गाळून पुढे जाणारा हा पर्याय येथे सगळी जोडाक्षरे मोडून टाकतो, आणि काम पूर्ण झाल्यासारखे दिसते. माझ्या मते जतनाच्या कामात तो वापरूच नये. आज्ञा थांबते तेव्हा ती आपल्याला बाइटची जागा सांगते. त्या जागेपासूनचे थोडे बाइट ‘टेल’, ‘हेड’ आणि ‘ओडी’ यांनी पाहिले की कारण कळते. फक्त संदेशातील जागा शून्यापासून मोजलेली असते आणि ‘टेल’ एकपासून मोजते, हे ध्यानात ठेवावे लागते.

सुदैवाने विंडोजने त्या पाच बाइटांना अदृश्य नियंत्रणचिन्हे मानून सांभाळून ठेवले होते. पायथॉनच्या ‘एफटीएफवाय’ या पॅकेजात ‘स्लॉपी-विंडोज-१२५२’ नावाचा संकेत आहे, जो त्या रिकाम्या जागांवरून बाइट तसेच पलीकडे जाऊ देतो. टर्मिनलवरूनच पायथॉनची एक ओळ चालवून मजकूर त्या संकेतात काढला, यूटीएफ-८ म्हणून वाचला, आणि बहुतेक सगळी सूची जागेवर आली.

बहुतेक, पण सगळी नाही. काही नोंदींत भाषेच्या रकान्यातला ‘मराठी’ हाच शब्द वाचता येत नव्हता. ‘ठ’चा तिसरा बाइट १६० आहे, आणि विंडोज-१२५२ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. मधल्या एखाद्या प्रणालीने तिची साधी मोकळी जागा, म्हणजे ३२, करून टाकली होती. त्याचप्रमाणे ‘भ’चा तिसरा बाइट १७३ म्हणजे लपलेल्या संयोगचिन्हाचा बाइट, आणि तो कुठे तरी पूर्ण गाळला गेला होता. म्हणून ‘भारत’, ‘भाषा’, ‘भाग’ या शब्दांची सुरुवातच नाहीशी झाली होती. ही हानी नियमाने भरून काढता आली, कारण २२४ १६४ या जोडीनंतर तिसरा बाइट येणे अनिवार्य आहे. तेथे ३२ असेल तर तो ‘ठ’च असला पाहिजे, आणि तिसरा बाइट गायब असून लगेच पुढचा २२४ आला असेल तर तेथे ‘भ’ होता. पर्लच्या दोन आदेशांनी हे दुरुस्त केले आणि बदललेली प्रत्येक ओळ वेगळ्या फायलीत काढून स्वतः वाचली. त्यानंतर ‘ग्रेप’ला, यूटीएफ-८ लोकेल (भाषा व संकेताची मांडणी) लावून, अवैध ओळी तेवढ्या दाखवायला सांगितले, एकही निघाली नाही.

आता सर्व काही यूटीएफ-८ मध्ये होते, तरी शोध नीट लागत नव्हता. एकच शब्द युनिकोडमध्ये वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिता येतो, हे त्याचे कारण. ‘ऱ’ कुठे एका चिन्हाने लिहिलेला होता, कुठे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा होता. हा फरक युकॉन्व्हच्या डॅश एक्स पर्यायाने एनएफसी हे प्रमाण रूप लावल्यावर मिटला. मात्र ‘ऱ्य’ लिहिण्यासाठी र, हलन्त आणि अदृश्य जोडकचिन्ह ही पद्धतही प्रचारात होती, आणि एनएफसी या दोन पद्धतींना एक मानत नाही. तीच गोष्ट ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आले; त्यापूर्वीच्या मजकुरात अ वर अर्धचंद्र असे दोन चिन्हांचे लेखन सापडते आणि दिसायला दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे ‘ॲड.’ असा शोध घेतला, तर निम्म्या वकील लेखकांची पुस्तके हाती लागत नसत. ‘सेड’ने मी दोन्ही ठिकाणी एकच रूप कायम केले: ऱ आणि हलन्त, व एकसंध ‘ॲ’.

छापील प्रत ग्रंथपाल ताई तपासत होत्या. एका पानावर थांबून त्यांनी विचारले, “सर, ‘दऱ्याखोऱ्यां’चं इथं ‘दर्याखोर्यां’ झालंय. मूळ फायलीतच असं आहे का?” तेथे मूळ फायलीतच तसे होते, कारण मधल्या काळात कोणीतरी ‘न दिसणारी चिन्हे’ सरसकट काढून टाकली होती आणि त्यांबरोबर जोडकचिन्हही गेले होते. सगळीकडे ‘र्य’चे ‘ऱ्य’ करून हे सुधारत नाही, कारण ‘सूर्य’, ‘कार्य’ आणि ‘आचार्य’ याच सूचीत शेकड्यांनी आहेत. सुदैवाने त्यांतील बऱ्याच पुस्तकांची नोंद जुन्या आयस्की फायलींतही होती. दाखल क्रमांकावरून दोन्ही नोंदी ‘जॉइन’ने शेजारी आणल्या आणि जेथे जुन्या फायलीत २०८ होता, तेथे ऱ परत बसवला. उरलेली नावे ताईंनी पुस्तके कपाटातून काढून मुखपृष्ठावरून सांगितली.

दोन प्रकारच्या फायली या पद्धतीने सुटल्या नाहीत. एका फायलीत मराठीच्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे होती. मराठी मजकूर ‘एएनएसआय’ म्हणून, म्हणजे विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतात, जतन केला की प्रत्येक चिन्हाच्या जागी ६३ हा बाइट लिहिला जातो आणि मूळ अक्षर फायलीत उरतच नाही. कोणतीही आज्ञा ते परत आणू शकत नाही. त्या नोंदी हस्तलिखित दाखल नोंदवहीवरून पुन्हा टंकलिखित केल्या जात आहेत, आणि दाखल क्रमांक इंग्रजी अंकांत असल्याने ते तेवढे शाबूत राहिले, याची या कामात मोठी मदत होत आहे.

दुसरा प्रकार जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या फायलींचा. त्यांच्यातील बाइट अक्षरे सांगत नाहीत, तर त्या फाँटमधील आकारांच्या जागा सांगतात: अर्धा क, काना, वर चढवायचा रफार. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार नंतर, कारण ते तसे दिसतात. हे एन्कोडिंगचे रूपांतर नव्हे, म्हणून आयकॉन्व्ह किंवा युकॉन्व्ह येथे लागू पडत नाही. प्रत्येक फाँटसाठी आकारांचा वेगळा तक्ता आणि वेलांटी-रफाराचा क्रम बदलणारे नियम लागतात. या फायली मी त्यांच्या फाँटसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत, कारण फाँटची फाइल हरवली तर तक्ता पडताळून पाहण्याचे साधनच राहणार नाही. पहिल्या फाँटचा तक्ता सध्या तयार होत आहे, आणि त्याची चाचणी ज्या नोंदींची आयस्की प्रतही उपलब्ध आहे, त्यांच्यावर आधी घेणार आहे.